शेवटची बैठक किती वेगानं उठते?

मार्च २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला. अंतिम लढतीत सोलापूरच्या वेताळ शेळकेनं कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा उचलली. अशी कुस्ती पाहून घरी परतलेली पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे बैठकांचा आकडा वाढवतात. पाचशेच्या सहाशे, सहाशेच्या आठशे. मांड्या थरथरल्या की मेहनत पावली, असा हिशेब. तो निम्माच बरोबर आहे.

थकताना स्नायूत काय घडतं

बसून उठताना मांडीचा पुढचा भाग आणि नितंबाचे स्नायू सगळ्यात जास्त राबतात. जोराच्या हालचालीसाठी लागणारी तातडीची ऊर्जा क्रिएटिन फॉस्फेटमधून येते, आणि हा साठा काही सेकंदांचाच असतो. तो वापरला जातो तसं स्नायूत फॉस्फेट साचतं. तंतूंची पकड सैल पडते, त्यांना आकुंचनाचा इशारा देणारं कॅल्शियमही कमी सुटू लागतं. बिचाऱ्या लॅक्टिक आम्लावर मात्र उगाच सगळं खापर फुटतं. शिवाय मेंदूकडून येणारा हुकूमही थकव्यात मंदावतो.

या सगळ्यात आधी घसरतो तो वेग. वजन उचललं जातं, पण हळू. म्हणून थकवा मोजायचा तर आकड्यापेक्षा उठण्याचा वेग पाहावा.

स्पेनमधला प्रयोग

पारेहा-ब्लांको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे फार उपयोगी आहे. व्यायामाची सवय असलेल्या तरुणांनी आठ आठवडे खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारले. दोन्ही गटांचं वजन सारखंच, फरक थांबण्यात. एका गटानं वेग २० टक्के घटला की सेट सोडायचा, दुसऱ्यानं ४० टक्के घटेपर्यंत रेटायचं. दुसरा गट बऱ्याच सेटमध्ये पार दमेपर्यंत जाई.

ताकद दोघांचीही जवळपास सारखीच वाढली, आणि तीही पहिल्या गटानं सुमारे ६० टक्केच उठाबशा काढून. उभ्या उडीत तर पहिला गट पुढे गेला: ९.५ टक्के वाढ, दुसऱ्याची ३.५. दमेपर्यंत रेटणाऱ्यांच्या मांड्या मात्र जास्त भरल्या. पण त्यांच्या स्नायूंतल्या सर्वात चपळ तंतूंचं प्रमाण घटलं. मांडी जाड झाली, झेप तेवढी वाढली नाही.

पैलवानानं यातून काय घ्यावं

कुस्तीला दोन्ही लागतं. पट काढायला क्षणाचा स्फोट हवा; आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या टिकायला दम हवा. वजनाशिवायच्या शेकडो बैठका दम वाढवतात, गुडघ्यांना आणि श्वासाला लय लावतात. त्यांना कालबाह्य म्हणणाऱ्या जिमवाल्यांशी माझं जमत नाही. पण त्यांतून झेप येईल ही अपेक्षा चुकीची. झेपेसाठी जड वजन, थोड्या उठाबशा, मध्ये दोन-तीन मिनिटांची विश्रांती आणि ताजेपणीच थांबणं.

क्रमही महत्त्वाचा. मांड्या भरून आलेल्या असताना लढतीला उतरलं तर डाव उशिरा सुटतो, आणि तोच उशीर अंगवळणी पडतो. जोराचं काम आधी, दमाच्या बैठका शेवटी.

गावोगावच्या मैदानांवर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मुलांच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर धावण्याला २० गुण, तर १०० मीटर आणि गोळाफेकीला प्रत्येकी १५. म्हणजे ५० पैकी ३० गुण स्फोटक ताकदीचे, आणि बहुतेकांचा घाम मात्र दमावरच गळतो.

यंत्राशिवाय मोजमाप

बारला लावायचं वेगमापक यंत्र महाग असतं. मोबाइल पुरतो. बाजूनं चित्रण करा आणि तळातून पूर्ण उभं राहायला लागणारा वेळ पाहा. अंतर तेच असल्यामुळे गणित सोपं आहे: पहिल्या उठीला एक सेकंद लागत असेल, तर सव्वा सेकंद म्हणजे वेग २० टक्के घटला. पावणेदोन सेकंदांजवळ गेलात की ४० टक्क्यांची हद्दही ओलांडली. प्रत्येक उठ जीव लावून, शक्य तितक्या वेगानं हवी. मुद्दाम हळू उठलात तर मोजण्याला अर्थ राहत नाही.

धोका कुठे

सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ते दुखणं बहुधा आपोआप ओसरतं. पण मांड्या टणक सुजल्या, वेदना असह्य झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरत असतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशांनीही असं घडलेलं आहे. कर्जतसारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, किंवा वजनगटात बसण्यासाठी मुद्दाम तोडलं, तर धोका वाढतो. अशा वेळी मालिश किंवा थंडाईत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.