पात्राचे शिळे ज्ञान आणि खेळातील घरचे नियम

वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर म्हणजेच विदर्भाची पौराणिक राजधानी कुंडिनपूर, अशी परंपरा आहे. कृष्णाला मारल्यावाचून या नगरीत पाऊल ठेवणार नाही, ही रुक्मीची प्रतिज्ञा फसली आणि तो भोजकट वसवून तेथेच राहिला, असे भागवतात सांगितले आहे. कुंडिनपुराविषयीचे त्याचे प्रत्यक्ष ज्ञान त्या दिवशी थांबले. नगरी मात्र बदलत राहिली असणार.

हे कथानक भूमिका-खेळासाठी घेतल्यास एक पेच उद्भवतो. 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून रूढ झालेल्या या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीने बोलतो, उरलेले जग खेळप्रमुख सांभाळतो आणि संशयाच्या जागी फासा निर्णय देतो. (रुक्मीचा अंतही बलरामाशी फासे खेळताना झाला, हा योगायोग मौजेचा खरा.) समजा, वीस वर्षांनी रुक्मी आपल्या हेराला नगरीच्या मागील दरवाजाची वाट सांगतो. दान उत्तम पडते. पण दरवाजा मधल्या काळात चिणला गेला आहे. खेळप्रमुखाने काय सांगावे?

त्या खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ज्ञानविषयक प्रश्नांना 10, 15, 20 ते 30 अशा पायऱ्या होत्या. त्या प्रश्नाच्या काठिण्याच्या, ज्ञानाच्या वयाच्या नव्हेत. म्हणून निर्णय घरच्या नियमावर येतो. आजची वस्तुस्थिती सांगितल्यास पात्राला ती कळली कशी, हे सांगता येत नाही. जुनी माहिती बिनदिक्कत सांगितल्यास चांगल्या दानाचे फळ फसवणूक ठरते, आणि खेळप्रमुखावरील विश्वास एकदा उडाला की खेळ मोडतो.

यशस्वी दानाने माहितीबरोबर तिचा काळही मिळावा, हा नियम अधिक न्याय्य वाटतो. मराठीत तो सहज बोलता येतो. ‘दरवाजा आहे’ हे विधान आजची ग्वाही देते. नुसते ‘दरवाजा होता’ म्हटले तर तो आता नाही, असे ध्वनित होते. ‘मी निघालो तेव्हा दरवाजा उघडा होता’ या वाक्यातील ‘तेव्हा’ काळ बांधून देतो आणि वर्तमान मोकळा ठेवतो. वाटसरूकडून कळलेल्या गोष्टीसाठी ‘आहे म्हणे’ पुरेसे आहे. तेथे ज्ञान ताजे असले तरी हवाला दुसऱ्याचा असतो.

अशा नियमाने हेर चिणलेल्या भिंतीशी अडकणारच नाही, असे नव्हे. मात्र त्याला पाठविताना आपण वीस वर्षांपूर्वीच्या दरवाजावर भिस्त ठेवीत आहोत, हे रुक्मीच्या खेळाडूला ठाऊक असते.