शीघ्र विद्युत्-तापन आणि धातूचे वर्तन
धातूच्या तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेचा वर्ग, रोध व काळ यांच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४१ मध्ये मांडले. धारा अल्प असल्यास ही उष्णता सभोवताली विसर्जित होऊन तापमान स्थिरावते. लघुपरिपथनात मात्र काही मिलिसेकंदांत उष्णतेस बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. ती धातूतच साठते. तापमानासोबत रोध वाढून तापन अधिक वेगवान होते. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तेव्हा त्याचा रोध जवळजवळ दुप्पट होतो. वितळतारेचे कार्य याच तत्त्वावर चालते. म्हणूनच तिच्या जागी जाड तार बसविल्यास ती वितळण्यापूर्वीच भिंतीतील वायर तापून आग लागू शकते.