संवेदनशिक्षण, पूर्वप्राथमिक

तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या ज्ञानेंद्रियांना योग्य अनुभव मिळावेत आणि ते प्रत्येक बालकास सोसतील अशा बेताने मिळावेत, यासाठी बालवर्गात केलेली योजना. पंचज्ञानेंद्रियांखेरीज शरीराच्या समतोलाची आणि स्नायू व सांधे यांच्याद्वारा होणारी शरीरस्थितीची जाणीवही तीत अभिप्रेत असते.

झां इतार (१७७४–१८३८) व एद्वार सेगँ (१८१२–८०) या फ्रेंच वैद्यांच्या प्रयोगांवरून मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी आपली साधने सिद्ध केली व १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या कामकरी वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यातील दहा घनांच्या बाजू १ ते १० सेंमी. अशा वाढत जातात. रंग मात्र एकच असल्याने मुलाचे लक्ष केवळ आकारमानावर राहते. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. पुढे बोर्डी (१९४५) व कोसबाड (१९५७) येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तू वापरल्या. इंद्रियशिक्षण हे श्रीमंतांच्या शाळांचे भूषण नव्हे, हे त्यामुळे दिसून आले.

सर्व मुलांची संवेदनक्षमता सारखी नसते. पत्र्याच्या छपराखाली घंटा घणघणताच एखादे मूल कानांवर हात ठेवते, ओल्या मातीला वा खळीला बोट लावत नाही. दुसरे सतत गिरक्या घेते, इतरांवर आदळते. अशा वर्तनास हट्ट किंवा खोडसाळपणा समजून शिक्षा करण्याची रूढी चुकीची आहे. शिक्षेने कान बधिर होत नाहीत. मूल फक्त शाळेला भिते. घंटेची पूर्वसूचना देणे, गलक्यापासून दूर चटईचा एक कोपरा राखणे, माती प्रथम काडीने हाताळू देणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. चळवळ्या मुलास बैठ्या कामापूर्वी झोका घेऊ द्यावा, पाण्याची छोटी बादली वाहू द्यावी. स्पर्शाची सक्ती मात्र कधीही करू नये.

हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची श्रवणपरीक्षा आधी करावी. आहार, झोप वा खेळ यांत सतत अडथळा येत असल्यास तज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. स्वमग्नतेच्या निदाननिकषांत २०१३ पासून संवेदनांविषयीच्या असाधारण प्रतिक्रियांचाही अंतर्भाव आहे. अमेरिकन व्यवसायोपचारज्ञ जीन एअर्झ (१९२०–८८) यांच्या संवेदन-एकात्मीकरणाच्या उपपत्तीवर आधारलेल्या उपचारांच्या परिणामकारकतेबद्दल मतभेद आहेत. वर्गातील वरील सोयींसाठी मात्र निदानाची वाट पाहावी लागत नाही.