लाट की हल्ला?

बंगळूरमधील महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कांत सकाळी लॉगिनची लाट नेहमीचीच. ती हल्ला कधी मानायची, हे फायरवॉलचे ‘अ‍ॅनोमली प्रोफाइल’ ठरवते.

● मर्यादा : फोर्टिगेट फायरवॉलमधील मूळ आकडे सेकंदाला सिन फ्लडसाठी २०००, आयसीएमपी फ्लडसाठी २५० पॅकेट. आपली रहदारी मोजून ते बदलावेत.

● क्रम : आधी केवळ नोंद, नंतर अडवणूक. मर्यादा फार खाली आणली की खरे ग्राहकही बाहेर राहतात.

● सवलत : एकाच सार्वजनिक आयपीमागे अख्खे ऑफिस असू शकते, ओळखीचे बॅकअप सर्व्हर आणि स्कॅनरही गोंगाट करतात. त्यांच्यासाठी वेगळा नियम हवा.

● बंधन : सर्ट-इन या राष्ट्रीय सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे, ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवायच्या.