बातमी कुठे अडते?

मागच्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला आणि आमच्या गटातल्या बायकांच्या भातशेतीत खारं पाणी शिरलं. पंचनामा लवकर व्हावा म्हणून आम्ही वार्ताहराला बोलावलं. पत्रकारितेचा कोर्स केलेला पोरगा, सगळं नीट विचारून लिहून घेतलं. बातमी काही आली नाही. त्याच आठवड्यात बांधाच्या ठेकेदाराला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी पानभर जाहिरात मात्र आली.

आम्ही त्याच्यावर चिडलो. मग कळलं, बातमीचे त्याला जेमतेम पैसे मिळतात, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. ती मागायची कोणाकडे? त्याच ठेकेदाराकडे. पेपर विकून छपाईचाही खर्च निघत नाही, म्हणून मालकाचंही गणित तेच.

मोठ्या पेपरांतही हेच. 2009च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला, बातमी म्हणून! पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी पेपरांची नावं घालून 71 पानांचा अहवाल दिला. कौन्सिलने 2010मध्ये त्याची छोटी आवृत्तीच काढली. पूर्ण अहवाल बाहेर यायला 2011मध्ये माहिती आयोगाचा आदेश लागला. नीतिनियम शिकवणाऱ्यांचीच ही गत, तर आमच्या वार्ताहराला काय बोलायचं?

आता बैठकीत पेपर आला की आम्ही आधी जाहिराती वाचतो, मग बातम्या.