कोर्लईची बोली

समुद्राशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या काडीचा संबंध आला नाही अशा आम्हां लातूरकरांपैकी मी एक. परंतु संपादकांच्या आग्रहास्तव रायगड जिल्ह्यातील मुरूड तालुक्यात, कुंडलिकेच्या खाडीमुखाशी वसलेल्या कोर्लईस गेलो, आणि तेथील डोंगर व त्यावरील किल्ला पाहताच आमचा औशाचा किल्ला आठवला, कारण दोन्ही स्थळांवर कधीकाळी निजामशाहीचा अंमल होता. हा डोंगर 1594 साली पोर्तुगीजांनी तिच्याकडून जिंकला. पुढे 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि फिरंगी अंमलदार निघून गेले.

मागे राहिली ती किल्ल्याच्या पायथ्याची ख्रिस्ती रयत आणि तिची बोली. फिरंगी शिपाई व एतद्देशीय स्त्रिया यांच्या संसारांतून आणि धर्मांतरित कष्टकऱ्यांच्या वस्तीतून ही बोली उपजली. तिला लेखनाची परंपरा नाही, राजाश्रय तर 1740 पासून नाहीच, आणि बोलणारे हजाराच्या आतबाहेर. तरीही ती टिकली, हे मला त्या किल्ल्याहूनही विलक्षण वाटते. तिचा शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज आहे. परंतु वाक्याची घडण न्याहाळली असता असे दिसते, की पोर्तुगीजमध्ये कर्माच्या आधी येणारे क्रियापद येथे पुष्कळदा मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाते, आणि नामाआधी यावयाचे काही संबंधदर्शक शब्द नामामागून येतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषावैज्ञानिकाने या घडणीचा प्रदीर्घ अभ्यास करून 1996 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजाऱ्याचे व्याकरण इतके आत्मसात करूनही स्वत्व न गमावणारी ही रचना, माझ्या मते, महाराष्ट्राच्या भाषिक वैभवाचाच एक अंश आहे.

चिंता मात्र गंभीर आहे. 1986 मध्ये खाडीवर पूल झाला, रेवदंड्याचा बाजार जवळ आला, आणि ज्या एकाकीपणाने ही बोली जपली तो सरला. पूल व्हावयास हवाच होता. रुग्णाला आणि विद्यार्थ्याला होडीची वाट पाहावयास लावून कोणत्याही भाषेचे रक्षण करणे न्याय्य नव्हे. परंतु शाळा मराठीतून, प्रार्थना मराठीतून, आणि रोजगारासाठी शहर गाठणाऱ्या तरुणांचा दिवसभराचा व्यवहारही अन्य भाषांतूनच. मग ही बोली घराच्या उंबऱ्याआतच उरते, आणि तेथेही मुलांशी मराठी बोलणे आईबापांना अधिक हिताचे वाटू लागते. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत भाषाविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन कोर्लईस जावे, वृद्धांची अनुमती घेऊन त्यांचे बोलणे टिपून ठेवावे, आणि त्या मुद्रणाची एक प्रत गावाच्या स्वाधीन करावी.