सोन्याचा उतारा

कोल्हापूरच्या गुजरीत भल्या पहाटे गेलात, तर सराफी दुकानांच्या पायऱ्यांशी उकिडवे बसून गटारातला गाळ घमेल्यात भरणारे झारेकरी दिसतील. आपल्याला तो गाळ इथून तिथून सारखाच काळा. त्यांना मात्र पॉलिशचं काम कुठे चालतं, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी कुठून वाहतं, हे सगळं पाठ असतं. खाणीवरच्या सोन्याच्या कारखान्यातही सगळ्यात अवघड काम हेच: निसटलेलं सोनं कुठून आणि कुठल्या रूपात निसटलं, ते ओळखणं.

उसाच्या पट्ट्यात उतारा म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की साखरेचा उतारा उसाच्या वजनावर काढतात आणि सोन्याचा, दगडात मुळात असलेल्या सोन्यावर. टनभर दगडात तीन ग्रॅम सोनं होतं आणि हाती अडीच आलं, तर उतारा ८३ टक्के. उरलेला अर्धा ग्रॅम गाळाबरोबर बाहेर. अर्धा ग्रॅम क्षुल्लक वाटतो, पण कोलारला २८ फेब्रुवारी २००१ रोजी सोन्याच्या खाणी बंद झाल्या, तेव्हा मागे राहिलेल्या तेरा डंपांत, म्हणजे ढिगाऱ्यांत, असा गाळ होता सुमारे ३.३ कोटी टन. टनाला ०.७ ग्रॅम धरलं तरी तेवीस टन सोनं. ते वाऱ्यापावसात उघड्यावर पडून आहे आणि त्याच्यासोबतची धूळ गावातल्या माणसांच्या छातीत जाते आहे.

एवढं सोनं राहतं कसं? दगड पिठासारखा दळून, चुना घातलेल्या पाण्यात कालवून त्यात सायनाइड सोडायचं, म्हणजे सोनं विरघळतं, ही युक्ती ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी १८८७ मध्ये पेटंट केली. पण नुसत्या सायनाइडने सोनं विरघळत नाही, प्राणवायूही लागतो. साध्या हवेतून पाण्यात विरघळणारा प्राणवायू लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम, आणि दगडात गंधकाची खनिजं असतील तर तीच तो आधी खाऊन टाकतात. उतारा घसरला की पहिला हात सायनाइडच्या पिंपाकडे जातो. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी तो आधी हवेच्या नळीकडे जायला हवा. टाकी उपाशी असते ती प्राणवायूसाठी, आणि जास्तीचं सायनाइड विष म्हणून गाळात उतरतं.

विरघळलेलं सोनं टिपायला बहुतेक ठिकाणी वापरतात तो चक्क नारळाच्या करवंटीचा कोळसा. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवली. कालवण एका टाकीतून पुढच्या टाकीत जातं आणि कोळसा उलट्या दिशेने मागे येतो, म्हणजे सगळ्यात ताज्या कोळशाला सगळ्यात फिकं पाणी मिळतं आणि शेवटचा थेंबही टिपला जातो. कोळशाचे दाणे अडवायला टाक्यांवर जाळ्या असतात. खरी गळती इथे. ढवळून ढवळून दाण्यांच्या कडा झिजतात, भुगा होतो, आणि जाळीतून निसटणारा तो काळा भुगा सोनं पोटात घेऊनच डंपावर जातो. जाळीला पडलेलं बोटभर भोक महिनाभराची मेहनत वाया घालवू शकतं.

काही दगडांत सोनं गंधकाच्या खनिजांच्या पोटात असं बंद असतं, की कितीही दळा, सायनाइड तिथवर पोचतच नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या फेअरव्ह्यू खाणीने १९८६ च्या सुमारास या कामावर जिवाणू लावले. ते खनिज पोखरतात आणि सोनं उघडं पडतं. जाड कणांचा प्रश्न उलटा: त्यांना विरघळायला टाकीतला वेळच पुरत नाही. सोनं गारगोटीपेक्षा सातपट जड असतं, म्हणून ते कण आधीच वजनावर वेगळे काढले तर पुढचं ओझं हलकं होतं.

म्हणून नवं यंत्र घेण्याआधी बाहेर पडणारा गाळ चाळून बघावा. जाड, मध्यम, बारीक असे भाग वेगळे करून प्रत्येकात सोनं किती, ते तपासावं. जाड भागात जास्त निघालं तर दळण कमी पडतंय. बारीक भागात निघालं तर ते विरघळूनही पाण्यात राहिलंय, की कोळशाच्या भुग्यावर गेलंय, ते शोधावं. कोलारच्या डंपांना हे आणखीच लागू पडतं. शंभर वर्षांत दगड बदलला, चक्क्या बदलल्या, सायनाइडचं माप बदललं. एकाच डंपाचा तळ आजोबांच्या काळातला आणि माथा नातवाच्या. तिथे वरवरचं घमेलंभर उचलून चालणार नाही. माथ्यापासून तळापर्यंत भोक पाडून हातभर अंतराने नमुना घ्यावा लागेल, आणि प्रत्येक नमुन्याला वेगळी चाळणी लावावी लागेल.